शिअरला खायला कोण घालतं?

तीन दिशांना तीन वेगवेगळ्या दरांनी फुगणारं विश्व कागदावर मांडायला सोपं आहे. फ्रीडमनच्या मेट्रिकमध्ये (सगळ्या दिशांना सारख्या विश्वातलं अंतर मोजायच्या सूत्रात) एकच स्केल फॅक्टर, म्हणजे विश्व किती पट फुगलं ते सांगणारा आकडा, असतो, इथे तीन असतात: अ, ब आणि क. तिघेही फक्त काळानुसार बदलतात. म्हणजे विश्व जागोजागी सारखं, पण दिशेदिशेत फरक. लुइजी बियांकीने १८९८ मध्ये केलेल्या नऊ प्रकारांच्या वर्गीकरणातला हा पहिला आणि सगळ्यात साधा प्रकार. खरी कसरत पुढे असते, ती हा फरक टिकवण्याची. 'परस्परक्रिया करणारी क्षेत्रं' मॉडेलमध्ये घातली की विषमता आपोआप हाती येते, असा समज बऱ्याच मांडण्यांमागे दिसतो. तो चुकीचा आहे. काही परस्परक्रिया शिअरपर्यंत, म्हणजे दिशादिशांच्या प्रसरणदरांतल्या फरकाच्या मापापर्यंत, पोचतात, बहुतेक त्याच्या बाजूने निघून जातात. कोणती कुठे जाते हे एका ओळीच्या समीकरणातून कळतं, आणि ती ओळ लिहायच्या आतच लोक आलेख काढायला बसतात.

आधी व्याख्या, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात. प्रत्येक दिशेचा हबल दर म्हणजे त्या दिशेच्या स्केल फॅक्टरचा वेग भागिले तो फॅक्टर. तिघांची सरासरी म्हणजे सरासरी हबल दर. शिअरचा वर्ग म्हणजे सरासरीपासूनच्या तीन फरकांच्या वर्गांची बेरीज, तिच्या निम्मी. समजा तीन दर ६०, ७० आणि ८० आहेत, नेहमीच्या किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक या एककात. सरासरी ७०, फरक उणे १०, शून्य, १०. वर्गांची बेरीज २००, निम्मे १००, म्हणजे शिअर १०. शिअर भागिले हबल दर सुमारे ०.१४. ऊर्जेच्या हिशेबात मात्र शिअरचा वाटा म्हणजे शिअरचा वर्ग भागिले हबल दराच्या वर्गाची तिप्पट, इथे १०० भागिले १४,७००, जेमतेम ०.७ टक्के. एकाच विश्वाबद्दल '१४ टक्के विषमता' आणि '०.७ टक्के विषमता' ही दोन्ही विधानं बरोबर असू शकतात. भर म्हणून काही जण सरासरी विषमता प्राचल वापरतात: फरकांच्या वर्गांची बेरीज भागिले हबल दराच्या वर्गाची तिप्पट, म्हणजे या उदाहरणात ०.०१३६. शिअरचा वर्ग काढायचा तर याला हबल दराच्या वर्गाने आणि दीडने गुणायचं. दोन लेखांतल्या मर्यादांची तुलना करताना हा दीड आणि तो अर्धा कुठे गेला, ते आधी पाहावं.

आता ती ओळ. आठ-पाय-जी बरोबर एक (जी म्हणजे गुरुत्वस्थिरांक) अशी एककं घेऊ. आइन्स्टाइनची समीकरणं बियांकी पहिल्या प्रकारासाठी सोडवली की प्रत्येक दिशेसाठी एक समीकरण मिळतं: त्या दिशेच्या हबल दराचा कालावकलज, अधिक तीन गुणिले सरासरी हबल दर गुणिले त्या दिशेचा हबल दर, बरोबर त्या दिशेचा दाब अधिक अर्धा गुणिले (ऊर्जाघनता वजा तिन्ही दाबांची बेरीज). कोणत्याही दोन दिशांची समीकरणं एकमेकांतून वजा करा. ऊर्जाघनता गेली, दाबांची बेरीज गेली. उजवीकडे उरला फक्त दोन दिशांच्या दाबांतला फरक.

दाब सगळीकडे सारखा असेल तर उजवीकडे शून्य. मग दोन दिशांच्या दरांतला फरक आकारमानाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. त्याला अडवायला कोणीच नसतं. सरासरी स्केल फॅक्टर दुप्पट झाला तर शिअर आठपट कमी आणि त्याचा वर्ग ६४ पट कमी. धूळ, म्हणजे दाबरहित द्रव्य, स्केल फॅक्टरच्या तिसऱ्या घाताने विरळ होतं, प्रारण चौथ्या, शिअरची 'ऊर्जा' सहाव्या. विश्वशास्त्रीय स्थिरांक जागचा हलत नाही. शिअर या शर्यतीत सगळ्यांच्या आधी संपतो, आणि काळात मागे गेलं तर सगळ्यांवर मात करतो.

मागे जाऊन फक्त शिअर उरला की कास्नरचं १९२१ चं उत्तर मिळतं. तिन्ही स्केल फॅक्टर काळाच्या घातांत, घातांची बेरीज १, त्यांच्या वर्गांची बेरीजही १. उणे १/३, २/३, २/३ हा नेहमीचा संच: दोन दिशा पसरतात, एक आकसते, आकारमान काळाच्या सरळ प्रमाणात वाढतं. हेच उत्तर अनेकांना स्वतंत्रपणे सापडलं. विष्णु वासुदेव नारळीकर आणि के. आर. करमरकर यांनीही ते १९४६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये वेगळ्या रूपात दिलं होतं. रायचौधुरींचं १९५५ चं समीकरण याच गटातलं: त्यात शिअरचा वर्ग गुरुत्वाच्याच बाजूने उभा राहतो, प्रसरणाला ब्रेक लावतो. विषमता घातली की आरंभीची एकवचनी स्थिती (जिथे घनता अनंत होते ती) टळेल, ही आशा तिथेच मावळते.

कोड लिहायचा असेल तर पहिली चाचणी धुळीच्या अचूक उत्तरावर घ्यावी. हेकमान आणि शुकिंग यांच्या नावाने ते ओळखलं जातं. प्रत्येक स्केल फॅक्टर म्हणजे काळाचा कास्नर-घात, गुणिले (काळ अधिक एक स्थिरांक) याचा (२/३ वजा तो घात) इतका घात. स्थिरांक १ घ्या, घात वरचेच, उणे १/३, २/३, २/३. आकारमान काळ गुणिले (काळ अधिक १). काळ १ असताना पहिल्या दिशेचा दर १/६, बाकी दोन्ही २/३, सरासरी नेमकी ०.५. शिअरचा वर्ग १/१२, ऊर्जाघनता २/३. तीन गुणिले ०.२५ म्हणजे ०.७५, त्यातून १/१२ वजा केले की २/३ उरतात, म्हणजे बंधन-समीकरण (हबल दराच्या वर्गाची तिप्पट वजा शिअरचा वर्ग बरोबर ऊर्जाघनता) जुळलं. पहिली दिशा आधी आकसते, काळ ०.५ ला थांबते आणि मग पसरायला लागते. कोडमध्ये हा वळणबिंदू ०.५ ला आला नाही, तर पुढचं काहीही चालवू नये. इथे स्केल फॅक्टरऐवजी त्याचा लॉगरिदम आणि दिशेचा दर ही चलं घेतली तर शून्याजवळ त्रास होत नाही. स्वतंत्र चल म्हणून सरासरी स्केल फॅक्टरचा लॉगरिदम घेणं सगळ्यात सोयीचं. मात्र एका दिशेचाच लॉगरिदम घेतला तर ती दिशा वळते तिथे कोड कोसळतो.

बंधन-समीकरणाबद्दल एक ताकीद. आरंभीच्या किमती देताना तीन दर आणि ऊर्जाघनता चारही मनाने निवडता येत नाहीत. तीन निवडल्या की चौथी बंधनातून काढायची. पुढे प्रत्येक पायरीला बंधनाची तूट छापायची, पण तिथे बंधन जबरदस्तीने लादायचं नाही. लादलं तर चूक लपते, आणि ती लपते नेमकी शिअरमध्ये, कारण सगळ्यात लहान राशी तीच. दहा अंकी अचूकतेत वाहणारा हबल दर आणि त्यातून वजाबाकीने काढलेला १० च्या उणे ११ व्या घाताइतका शिअर, असं केलं तर हाती निव्वळ गोंगाट येतो. शिअर हे वेगळं चल म्हणूनच पुढे न्यावं.

आता परस्परक्रियेकडे. सगळ्यात जास्त वापरली जाणारी रीत अशी: कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा यांच्यात ऊर्जेची देवघेव होते असं मानायचं. कृष्णद्रव्याच्या अक्षय्यतेच्या समीकरणात एक पद अधिक, कृष्णऊर्जेच्या समीकरणात तेच पद उणे. पद म्हणजे बहुधा तीन गुणिले एक छोटा गुणक गुणिले हबल दर गुणिले कृष्णद्रव्याची घनता. गणित सुटतं, कृष्णद्रव्य तिसऱ्या घाताऐवजी तीन गुणिले (१ वजा गुणक) इतक्या घाताने विरळ होतं, आणि मग 'परस्परक्रियेचा विषमतेवर परिणाम' अशा मथळ्याखाली आलेख येतात.

पण वरची ओळ पुन्हा पाहा. दोन्ही द्रवांचे दाब समदिशी आहेत. आपसात कितीही ऊर्जा फिरवली तरी दिशादिशांच्या दाबांतला फरक शून्यच. शिअर गुणिले आकारमान अजूनही स्थिर. परस्परक्रियेने बदलतो तो फक्त हबल दर, आणि त्यामुळे शिअर आणि हबल दर यांचं गुणोत्तर. द्रव्यप्रधान काळात हे गुणोत्तर एरवी स्केल फॅक्टरच्या उणे दीडाव्या घाताने उतरतं. गुणक ०.०५ घेतला तर उणे १.५७५ व्या घाताने. स्केल फॅक्टर हजारपट वाढताना पहिलं गुणोत्तर ०.००००३२ पट होतं, दुसरं ०.००००१९ पट. फरक आहे, सुमारे ४० टक्क्यांचा, पण त्याची दिशा पाहा: कृष्णऊर्जेतून द्रव्याला खाऊ मिळाला की विषमता आणखी लवकर नगण्य होते. अदिश क्षेत्रांनाही हेच लागू. दिशाहीन क्षेत्र जागोजागी सारखं असेल तर त्याचा दाब म्हणजे गतिज ऊर्जा वजा विभव, तो तिन्ही दिशांना एकच. दोन अदिश क्षेत्रं घ्या, दहा घ्या, विभवातून त्यांची कशीही सांगड घाला, शिअरच्या ताटात काही पडत नाही.

देवघेवीच्या पदाचं चिन्हही तपासायला हवं. कृष्णऊर्जेचा अवस्था-प्राचल (दाब भागिले घनता) उणे १ असेल तर तिची घनता म्हणजे एक स्थिरांक, अधिक गुणक भागिले (१ वजा गुणक) गुणिले कृष्णद्रव्याची घनता. गुणक ऋण घेतला, म्हणजे ऊर्जा द्रव्याकडून कृष्णऊर्जेकडे जाते असं मानलं, की भूतकाळात कृष्णऊर्जा ऋण होते. आजपासून पुढचेच आलेख काढणाऱ्याच्या हे लक्षातच येत नाही. आणि अवस्था-प्राचल उणे १ च्या जवळ पण स्थिर ठेवला तर अडचण वेगळी. पार्श्वभूमी व्यवस्थित दिसते, पण विक्षोभांच्या, म्हणजे पार्श्वभूमीवरच्या लहान चढउतारांच्या, समीकरणांत (१ अधिक अवस्था-प्राचल) हा छेदात येतो आणि सुरुवातीच्या काळात विक्षोभ भडकतात. वॅलिव्हिटा, मेयरोटो आणि मार्टेन्स यांनी २००८ मध्ये हे दाखवून दिलं. फक्त पार्श्वभूमीवर थांबणाऱ्या कामाला हे कधीच दिसत नाही.

यापेक्षा मोठी गफलत गृहीतकांत असते. समीकरणं कमी, अज्ञात राशी जास्त, म्हणून एखादी अट बाहेरून लादावी लागते. आवडती अट म्हणजे शिअर हा प्रसरणदराच्या प्रमाणात आहे असं मानणं. दोन दिशा सारख्या घेतल्या तर त्यातून निघतं की अ म्हणजे ब चा कुठलातरी स्थिर घात. नागपूर-अमरावतीकडच्या गणित विभागांत बियांकी मॉडेलांवर वर्षानुवर्षं काम चालत आलंय, त्यामुळे मराठी वाचकांपैकी पुष्कळांनी ही अट एम.एस्सी. नंतर लगेचच पाहिली असेल. ती जगभर वापरली जाते आणि गणित सुटायला खरंच मदत करते. पण तिचा अर्थ काय होतो ते पाहा: शिअर भागिले हबल दर हे गुणोत्तर कायमचं गोठवलं. आणि आपण आत्ताच पाहिलं की समदिशी दाबात ते गुणोत्तर उतरायलाच हवं.

दोन्ही एकत्र धरले तर काय उरतं? घात एकहून वेगळा असेल तर दोन दिशांच्या दरांतला फरक ब च्या दराच्या स्थिर पटीत, आणि तोच फरक आकारमानाच्या व्यस्त प्रमाणात. समाकल घेतला की आकारमान काळाच्या सरळ प्रमाणात येतं, मंदन-प्राचल (प्रसरण किती मंदावतं त्याचं माप, ऋण म्हणजे त्वरण) नेमका २. दुसरा पर्याय नाही. म्हणजे परिपूर्ण द्रवासह ही अट लावली तर विश्वात पोकळी तरी असते किंवा दाब घनतेइतका असणारा ताठ द्रव तरी. त्वरणशील विश्व या चौकटीत बसूच शकत नाही. वर पुन्हा मंदन-प्राचल स्थिर ठेवून स्केल फॅक्टर काळाच्या एखाद्या घातात घेतला, की समीकरणांची अट कुठेतरी मोडतेच. ती मोड बहुधा 'विषमदिशी कृष्णऊर्जे'च्या तिरपेपणाच्या प्राचलात (दाब दिशेनुसार किती वेगळा ते सांगणाऱ्या आकड्यात) जमा होते. म्हणजे दाब-फरक आधी भौतिकीतून येऊन मग शिअर निघत नाही. शिअर आधी ठरतो, दाब-फरक मागून चिकटवला जातो.

किती चिकटवावा लागतो, हे मोजता येतं. अ म्हणजे ब चा १.१ वा घात घेतला तर दोन दिशांच्या दरांतला फरक सरासरी हबल दराच्या ९.७ टक्के, शिअर भागिले हबल दर ०.०५६. हे स्थिर ठेवायला लागणारा दाब-फरक म्हणजे हा दरफरक गुणिले हबल दर गुणिले (२ वजा मंदन-प्राचल). आजचा मंदन-प्राचल उणे ०.५५ धरला तर तो विश्वाच्या एकूण ऊर्जाघनतेच्या ८ टक्के होतो. कृष्णऊर्जेचा वाटा ७० टक्के धरला, तर तिचा दाब दोन दिशांत स्वतःच्या घनतेच्या जवळजवळ १२ टक्क्यांनी वेगळा हवा. कुठलं क्षेत्र असा ताण देतं, हा प्रश्न मग टाळता येत नाही. आणि १.१ ऐवजी २ घेतला तर शिअर भागिले हबल दर ०.४३.

आकाश याबद्दल काय म्हणतं, तेही लगे हाथ पाहू. सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीचे फोटॉन ज्या दिशेने आले त्या दिशेच्या स्केल फॅक्टरप्रमाणे त्यांची ताम्रसृती होते, म्हणजे तरंगलांबी वाढते. त्यामुळे तापमानातला चतुर्ध्रुवी फरक म्हणजे ढोबळमानाने पुनर्संयोगापासून (पहिले अणू बनून प्रकाश मोकळा झाला तेव्हापासून) आजवरच्या शिअरची काळावरची बेरीज. शिअर झपाट्याने उतरत असल्यामुळे ती बेरीज सुरुवातीलाच भरते, आणि साधारण तेव्हाच्या शिअर-हबल गुणोत्तराच्या दोनतृतीयांश होते. तापमानातला फरक एक लाखात एकच्या घरात, म्हणून ताम्रसृती ११०० ला हे गुणोत्तरही त्याच घरातलं. तिथून आजपर्यंत ११०० च्या उणे दीडाव्या घाताने कमी, म्हणजे आज १० च्या उणे १० व्या घाताच्या आसपास. पाकिटामागे केलेला हा हिशेब. डॅनिएला सादेह आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्लँक उपग्रहाच्या तापमान आणि ध्रुवीकरण दोन्ही नोंदी वापरून बारकाईने केलेल्या विश्लेषणात सदिश प्रकारच्या शिअरची आजची मर्यादा ४.७ गुणिले १० चा उणे ११ वा घात अशी आली, आणि विषम प्रसरणाविरुद्धचं पारडं १,२१,००० ला १ असं. ०.०५६ आणि हा आकडा शेजारी ठेवले की गृहीतकाची किंमत कळते.

मूलद्रव्यनिर्मितीची मर्यादा त्याहून जुनी आणि स्वतंत्र आहे. प्रारणाच्या तुलनेत शिअरची ऊर्जा ताम्रसृतीच्या वर्गाने वाढते. आज प्रारणाचा वाटा ९ गुणिले १० चा उणे ५ वा घात. हेलियम बनत असताना, ताम्रसृती ३० कोटींच्या आसपास, शिअर प्रारणाच्या १० टक्क्यांत ठेवायचा तर त्याचा आजचा ऊर्जा-वाटा १० च्या उणे २२ व्या घाताच्या खाली हवा. न्यूट्रॉन-प्रोटॉनचं प्रमाण गोठतं तो आणखी आधीचा काळ धरला तर उणे २४ च्या जवळ. शिअर जास्त असता तर प्रसरण वेगवान, न्यूट्रॉन लवकर गोठले असते आणि हेलियम वाढला असता. मात्र ही मर्यादा शिअर सहाव्या घाताने उतरतो असं धरून काढलेली आहे. मध्ये कोणी त्याला खायला घातलं असेल तर ती तशीच लागू होत नाही. मर्यादा उचलून दुसऱ्या मॉडेलवर चिकटवणं हीदेखील नेहमीची चूक.

मग खायला कोण घालतं? दाब दिशेनुसार वेगळा असलेलं काहीही. चुंबकक्षेत्र हे सगळ्यात साधं उदाहरण: क्षेत्राच्या दिशेने दाब उणे घनता, आडव्या दोन्ही दिशांना अधिक घनता. प्रारणप्रधान काळात चुंबकक्षेत्र आणि प्रारण दोन्ही चौथ्याच घाताने उतरतात, त्यामुळे शिअरला सतत ठरावीक रतीब मिळतो आणि शिअर-हबल गुणोत्तर पहिल्या पायरीच्या हिशेबात स्थिर राहतं, बारकाईने पाहिलं तर लॉगरिदमने हळूहळू उतरतं. म्हणूनच बॅरो, फेरेरा आणि सिल्क यांना १९९७ मध्ये विश्वव्यापी आद्य चुंबकक्षेत्रावर काही नॅनोगॉसची मर्यादा घालता आली. टकरी थांबलेले न्यूट्रिनो उलट काम करतात, त्यांचा ताण शिअरला विरोध करतो.

खरी मजा इन्फ्लेशनमध्ये, म्हणजे अगदी सुरुवातीच्या अतिवेगवान प्रसरणात, आहे. १९८३ मध्ये रॉबर्ट वाल्डने सिद्ध केलं की विश्वशास्त्रीय स्थिरांक धन असेल तर नववा प्रकार सोडून सगळी बियांकी विश्वं समदिशी डी-सिटर (घातांकी वेगाने फुगणाऱ्या) अवस्थेकडे जातात. त्यानंतर बराच काळ प्रश्न मिटल्यासारखा होता. सदिश क्षेत्रं घालून पळवाट काढायचे प्रयत्न झाले. सदिशाला विभव देणं, त्याची लांबी बांधून ठेवणं वगैरे. २००९ मध्ये हिम्मेतोग्लू, कोंताल्दी आणि पेलोसो यांनी दाखवलं की अशा मॉडेलांत ऋण गतिज ऊर्जेचं भूत शिरतं आणि ती अस्थिर होतात. गेज सममिती (सदिश क्षेत्रात नको ते घटक जिवंत होऊ न देणारी सममिती) मोडली की ही शिक्षा ठरलेली.

त्याच वर्षी वातानाबे, कानो आणि सोडा यांनी सममिती न मोडता वाट काढली. मॅक्सवेलचंच क्षेत्र, पण त्याच्या गतिज पदाला इन्फ्लेटॉनच्या (इन्फ्लेशन चालवणाऱ्या अदिश क्षेत्राच्या) एका फलाच्या वर्गाने गुणायचं. हे खरं परस्परक्रियेचं मॉडेल: अदिश क्षेत्र ऊर्जा सदिशाला देतं आणि सदिशाचा ताण शिअरला. एरवी विद्युतक्षेत्राची ऊर्जा चौथ्या घाताने विरते. जोडणी-फल स्केल फॅक्टरच्या उणे दुसऱ्या घाताने उतरलं तर ती स्थिर राहते. उणे (दोन गुणिले च) या घाताने उतरलं, जिथे च हा मॉडेलमधला एक आकडा, तर ऊर्जा चार गुणिले (च वजा १) या घाताने वाढते. च एकहून मोठा असला की झालं. वाढ अमर्याद चालत नाही: सदिश पुरेसं मोठं झालं की ते इन्फ्लेटॉनलाच मागे ओढतं, घसरण मंदावते, आणि सदिशाचा वाटा मंदगती-प्राचलाच्या (हबल दर किती हळू बदलतो त्याच्या मापाच्या) निम्म्याला (च वजा १) भागिले च ने गुणून येतो तिथे टेकतो. शिअर भागिले हबल दर म्हणजे सदिशाच्या वाट्याच्या दोनतृतीयांश (इथून पुढे शिअर म्हणजे आडव्या दिशेचा दर वजा सरासरी, वरच्या व्याख्येतला शिअर याच्या वर्गमूळ-तीन पट). वाल्डचं प्रमेय इथे मोडत नाही, कारण इन्फ्लेटॉनचं विभव हळूहळू उतरतं, ते खरा स्थिरांक नसतं. जितकं उतरतं तितकीच विषमता उरते.

हे चालवून पाहायला वर्गविभव उत्तम. गुरुत्वीय लहरींच्या प्रमाणावरच्या मर्यादेत ते आता बसत नाही, ६० ई-फोल्डना (एक ई-फोल्ड म्हणजे विश्व ई, सुमारे २.७, पट फुगणं) ०.१३ देतं आणि २०२१ च्या बायसेप-केक दुर्बिणींच्या निकालाने छत ०.०३६ वर आणलंय, पण सरावाला त्याच्यासारखं दुसरं नाही. क्षेत्राची किंमत लघुकृत प्लँक एककात. सदिशाविना ६० ई-फोल्डना सुरुवात १५.५ पासून. जोडणी-फल म्हणजे (च गुणिले क्षेत्राचा वर्ग भागिले २) याचं घातांकी फल. आता च ३ ठेवून फलाचा वर्ग काढायला गेलात तर घातांक ७२० होतो, आणि दुहेरी अचूकतेच्या संख्यांची मर्यादा ७०९ च्या थोडी वर संपते. कोड अनंत छापतो. च २ ला चालतो म्हणून दोष लक्षात येत नाही. उपाय सोपा: फल काढूच नये. सदिशाच्या ऊर्जेचा लॉगरिदम हे चल घ्यावं. प्रति ई-फोल्ड त्याचा बदल म्हणजे उणे ४, वजा चार गुणिले शिअर-हबल गुणोत्तर, वजा दोन गुणिले फलाचा लॉगरिदमी उतार गुणिले क्षेत्राचा प्रति ई-फोल्ड बदल. वर्गविभवात उतार च गुणिले क्षेत्र, क्षेत्राचा बदल उणे २ भागिले क्षेत्र. गुणाकार केला की अधिक ४ च मिळतो आणि वरचीच वाढ परत येते. च २ असताना सदिशाचा वाटा १० च्या उणे ३० व्या घातापासून उणे ४ थ्या घातापर्यंत जायला १५ ई-फोल्ड लागतात. आलेखात हे दिसलं नाही तर चिन्ह चुकलंय. बहुधा शिअरच्या पदाचं, कारण काही जण सदिशाच्या दिशेला उणे चार घेतात आणि काही अधिक दोन.

इथवर सगळं सुरेख. आता विक्षोभ. जोडणीमुळे घनतेच्या विक्षोभांची शक्ती दिशेनुसार बदलते, आणि त्या बदलाचं माप (च वजा १) भागिले च, गुणिले ई-फोल्डच्या संख्येचा वर्ग, गुणिले २४ असं येतं. चिन्ह ऋण. ६० ई-फोल्डना २४ गुणिले ३६०० म्हणजे ८६,४००. किम आणि कोमात्सु यांनी २०१३ मध्ये प्लँकच्या नोंदींतून हे माप ०.००२ काढलं, अनिश्चितता ०.०१६. ढोबळमानाने ०.०२ हे छत धरलं तर (च वजा १) भागिले च हे २.३ गुणिले १० च्या उणे ७ व्या घाताखाली हवं. म्हणजे च हा १ च्या इतका जवळ की ज्या आकर्षक अवस्थेच्या (कुठूनही सुरू केलं तरी गणित जिथे येऊन टेकतं तिच्या) जोरावर मॉडेल उभं आहे, तीच हातची जाते: वाढीचा दर चार गुणिले (च वजा १), प्रति ई-फोल्ड दशलक्षांशापेक्षा कमी. सदिशाची ऊर्जा ई-पट व्हायला दहा लाखांहून जास्त ई-फोल्ड लागतील, आपल्या हाती साठ. इतक्या हळू चाललेल्या सदिशाची आजची किंमत समीकरणं ठरवत नाहीत, आरंभीची किंमत ठरवते. त्यात क्वांटम विक्षोभही भर घालतात: क्षितिजाबाहेर गेलेल्या लांब लहरी ई-फोल्डगणिक साठत जाऊन अभिजात पार्श्वभूमीसारख्या वागतात. ही बेरीज शून्य धरून काढलेला आलेख आणि ती घेऊन काढलेला आलेख यांत चटकन दिसणारा फरक पडतो. म्हणून च १ च्या जवळ नेलात, तर सदिशाच्या आरंभीच्या ऊर्जेची किंमत आणि तुमच्या गणितात इन्फ्लेशन एकूण किती ई-फोल्ड चाललं, हे दोन आकडे आलेखाच्या खालीच छापा.